उजेडाची वायर

मी बोलतोय खरा, पण आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव भित्रा आहे. आवाज काढणं हे माझं काम, आणि आवाजालाच मी घाबरतो. तेव्हा सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी एक डबा आहे. काळा, पत्र्याचा, साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर होतील एवढा. दुकानात मला डॅक म्हणतात. कॉम्प्युटरच्या पोटात गाणं असो की भाषण, तिथे सगळे नुसते आकडे असतात. ते आकडे मी घेतो आणि त्यांचा आवाज करून हेडफोनमध्ये सोडतो. पुढच्या अंगाला मला एक बटण आहे आणि आवाज कमी-जास्त करायची गोल खुंटी. मागच्या अंगाला आकडे आत घ्यायची तीन भोकं. या तीन भोकांपायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. तिथल्या बायका मनगटाला तारेचा पट्टा बांधून बसायच्या. एक नवी बाई पट्टा न बांधताच माझ्याकडे हात न्यायला लागली, तेव्हा शेजारचीने तिचा हात धरला. "अगं, अंगातल्या विजेचा चटका बसला तर मरेल तो," ती म्हणाली. जगात आल्यावर कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे. मग माणूस काय नि डबा काय, भित्रा नाही होणार तर काय होणार?

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. हौशी माणूस. दवाखान्यातून आले की हात धुवायचे आणि माझ्यामागे लागायचे. माझी तिन्ही भोकं मला कळली ती त्यांच्यामुळे. पहिलं यूएसबीचं. हे सोपं, कुठल्याही कॉम्प्युटरला जोडता येतं. पण त्या वायरीतून आकड्यांबरोबर कॉम्प्युटरची वीजही येते आणि विजेबरोबर तिची घाणही. दुसरं गोल, तांब्याच्या वायरीचं. ती वायर जाईल असं भोक फार कमी कॉम्प्युटरना असतं. तिसऱ्याला एक छोटं झाकण आहे. त्यात जी वायर जाते तिच्यातून वीज येतच नाही, नुसता लाल उजेड लुकलुकत येतो आणि मी त्याचे आकडे वाचतो. उजेडाबरोबर घाण येऊ शकत नाही. पण ती वायर नाजूक. जोरात वाकवली की मेली.

डॉक्टर रोज वायरी बदलायचे आणि बायकोला सांगायचे, "यूएसबीवर आवाज जाड येतो. उजेडावर कसा मोकळा होतो बघ." एका रविवारी बायकोने त्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि वायर बदलल्याचा नुसता खडखडाट केला. बदललं काहीच नव्हतं. डॉक्टर मान डोलवत म्हणाले, "आता मोकळा झाला." ती हसून हसून खुर्चीत बसली. त्यानंतर डॉक्टरांनी कानाला खडा लावला आणि आठवड्याभरात मला विकून टाकलं. जाताना मी एक धडा घेऊन गेलो: वायर कोणतीही लावा, फरक असतो तो माणसाच्या डोक्यात.

धडा अर्धाच होता. उरलेला अर्धा मला ताईच्या घरी मिळाला.

ताई म्हणजे माझी दुसरी आणि आताची मालकीण. वय बावन्न. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर हातोडीचे ठोके आणि पंपाचा फुसफुसाट वर येत असतो. ती काम करते अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी. लोक आपापल्या घरी पुस्तकं मोठ्याने वाचून पाठवतात आणि ताई ते वाचन साफ करते. खुर्ची करकरली, काढ. पान फडफडलं, काढ. वाचणाऱ्याने आवंढा गिळला, काढ. तिचे कान भारी तिखट. तीन खोल्या पलीकडची भांडी पडली तरी ती सांगायची, पातेलं की ताट.

तिने मला यूएसबीची वायर लावली. तिला काय, मिळाली ती लावली. माझ्या अंगात लगेच कॉम्प्युटरची घाण यायला लागली: एक बारीक किर्र आवाज, डास कानाशी यावा तसा. माऊस हलला की वाढायचा, थांबला की उतरायचा. मी तो लपवू शकत नव्हतो. आता ही मला परत करणार, या भीतीने मी पहिले काही दिवस काढले. पण तिला वाटलं, किर्र वाचणाऱ्याच्या घरचा आहे. ती तो पुसायला लागली.

त्या दिवसांत तिच्याकडे एका निवृत्त हेडमास्तरांनी वाचलेलं झाडांवरचं पुस्तक होतं. तीन प्रकरणं साफ करून तिने पाठवली. चौथ्या दिवशी ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, मास्तरांचा 'स' कुठे गेला हो?"

"म्हणजे?"

"ऐकणारे म्हणतात, मास्तर तोंडावर पांघरूण घेऊन वाचतायत. साल म्हणालेत की ताल, कळत नाही. तुमच्याकडून असं कधी होत नाही, म्हणून विचारलं."

ताई म्हणाली, बघते. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. वाचनात नसलेला किर्र पुसता पुसता तिने मास्तरांच्या आवाजाची सगळी धार पुसून टाकली होती. माझी पाचावर धारण बसली. तिच्या डोळ्यांत संशय होता, आणि तो माझ्यावर होता.

त्या रविवारी तिने धाकट्या भावाला बोलावलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नकार्यातसुद्धा त्याच्या खिशात पक्कड असते, म्हणून घरात सगळे त्याला पक्कडच म्हणतात. त्याने हेडफोन कानाला लावला, माऊस गरगर फिरवला आणि हसला.

"ताई, मलापण येतो. किर्र."

"खरंच येतो?"

"माऊसबरोबर वर-खाली होतोय. ही वायरीची भानगड आहे. डबा चांगला आहे."

ताई खुर्चीत मागे रेलली. इतका मोठा श्वास तिने सोडला की टेबलावरचा कागद हलला. माझ्याही जिवात जीव आला.

पक्कड माझ्यामागे टॉर्च मारून बघू लागला. "यूएसबीचं दुसरं भोक वापरून बघू... नाही, तिथेही तेच. वायर आखूड केली तर कमी होईल, जाणार नाही. तांब्याची गोल वायर तुझ्या कॉम्प्युटरला जात नाही. पण हे बघ, कॉम्प्युटरला उजेडाचं भोक आहे. आणि डब्यालाही आहे. याला जेवण वेगळ्या अडॅप्टरवरून मिळतं, म्हणजे यूएसबी काढली तरी चालेल. पुढच्या रविवारी ती वायर आणतो. किर्र जाणार म्हणजे जाणार."

तो आठवडा ताई आनंदात होती. जिन्यातून कुणी गेलं तर हाक मारून बोलत होती. आणि मला मात्र हळूहळू धडकी भरत गेली. कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तो किर्र मी दोन्ही बाजूंना सारखाच पाठवत होतो, डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे. ताई मात्र चोळायची ती नेहमी डावाच कान. पूर्वी उजवा हात माऊसवर म्हणून ती फोन डाव्या कानाला धरायची. आता माऊस सोडून फोन उजवीकडे न्यायची, नाहीतर स्पीकरवर टाकायची. हे तिचं तिलाही कळत होतं की नाही, देव जाणे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या पत्र्याच्या मनात आलं, ते मी तिथेच दाबून टाकलं.

रविवारी पक्कड वायर घेऊन आला. वायरीच्या टोकाला धूळ जाऊ नये म्हणून एक इवलीशी टोपी असते. ती काढायची तो विसरला आणि दहा मिनिटं कॉम्प्युटरला शिव्या देत बसला. ताईनेच चष्मा कपाळावर ढकलून ती टोपी दाखवली. "लिफ्टसुद्धा अशीच दुरुस्त करतोस का रे?" ती म्हणाली. दोघं खूप हसले. मग टोपी निघाली आणि माझ्या तिसऱ्या भोकातून पहिल्यांदाच ताईच्या घरचा लाल उजेड आत आला.

काय सांगू, अंग धुवून निघाल्यासारखं वाटलं. किर्र नाही, गुणगुण नाही, काही नाही. पक्कडने ऐकलं, माऊस फिरवला, मान हलवली. "गेला."

ताईने हेडफोन घातला. डोळे मिटले. मी श्वास रोखून होतो, म्हणजे डब्याला जमेल तसा. तिचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"गेला," ती म्हणाली.

पक्कड चहा पिऊन गेला. दार लागल्यावर ती परत टेबलापाशी आली. हेडफोन घातला. थोड्या वेळाने तिने तो उलटा केला, डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. मग पुन्हा सुलटा. पुन्हा उलटा. शेवटी तिने माझ्या बटणावर बोट ठेवलं आणि मला बंद केलं. हेडफोन कानावर तसाच. आता माझ्याकडून काहीच जात नव्हतं. ती तशीच बसून राहिली आणि तिच्या बोटांचा भार मला पत्र्यावर जाणवत होता. कुठलाही स्फोट, कुठलाही चटका मला इतका घाबरवू शकला नसता, जितकं त्या बोटांनी घाबरवलं.

मग तिने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तिने उजेडाची वायर उपसून काढली, गुंडाळून खणात टाकली आणि जुनी यूएसबीची वायर मला परत लावली. मला चालू केलं. किर्र सुरू झाला आणि तिच्या खांद्यांचा ताण सुटला.

तेव्हा मला कळलं. माझा किर्र चालू असला की कानातला आवाजही माझाच आहे, असं तिला म्हणता येत होतं.

पुढे महिनाभर तसंच चाललं. ती कामाला बसायची, पण काम होईना. मास्तरांची तीन प्रकरणं तशीच पडून. ग्रंथालयातल्या बाईंना ती म्हणायची, डबा बिघडलाय. सगळं खापर माझ्यावर, आणि मीही ते निमूट घेत होतो. उलट मला वाटायचं, असंच चालू दे. खरं बाहेर येण्यापेक्षा माझी बदनामी परवडली. भित्र्याला भित्रा भेटला की दोघं मिळून कानाडोळा करतात, दुसरं काय?

मग एका दुपारी पक्कड सहज आला. जवळच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, ती सोडवून हात धुवायला वर आला होता. पुसायला फडकं हवं म्हणून त्याने खण उघडला. वायर हातात घेऊन तो माझ्यामागे आला आणि वाकून बघितलं.

"ताई, चांगली वायर काढून ठेवलीस?"

"जुनीच बरी वाटली."

"जुनीत किर्र येतो."

"येऊ दे."

त्याने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. कपड्यांना ग्रीसचा वास होता. "काय झालंय, नीट सांग."

"काही नाही रे."

"ताई."

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या वायरीत फार शांत आहे."

"मग?"

"मग मला एकटीलाच ऐकू येतं."

खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. मग तीच बोलायला लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना.

"डाव्या कानात आहे. हेडफोन उलटा केला तरी डावीकडेच. डबा बंद केला तरी आहे. सहा महिने झाले असतील. आणि त्या कानाने आता फोनवरचं नीट समजत नाही." ती थांबली. "आई पन्नाशीत बहिरी झाली, आठवतं ना? शेवटी शेवटी आपण तिच्याशी कामापुरतंच बोलायचो. जेवलीस का, औषध घेतलंस का. बाकी सगळं तिच्या डोक्यावरून एकमेकांशी. ती नुसती मान हलवायची. तू तरी तिला लिहून दाखवायचास. मी वैतागायचे. एकदा तिने विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, काही नाही, जाऊ दे. दिवसभर ती माझ्यामागे फिरत होती. काय म्हणालीस, काय म्हणालीस."

"आईच्याही कानात असं वाजायचं का?"

"विचारलंच नाही कधी."

पक्कडने वायरीचं वेटोळं गुडघ्यावर ठेवलं आणि ते उगाचच सरळ करत राहिला. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी रजा टाकतो."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते. दोघं घाबरत जाऊ."

ती हसली. हसता हसता रडली. मग दोघांनीही चहा केला नाही की दिवा लावला नाही; नुसते बसून राहिले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ताईने ग्रंथालयातल्या बाईंना फोनवर सांगितलं तेवढं मला माहीत. एकाच कानात आवाज आणि तोच कान मंद, म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढायला लावला. डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. आकाराने वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. कॅन्सरची नाही. पण जागा अशी अडचणीची, की वाढत गेली तर मेंदूला दाबेल. काढता येईल, काढताना त्या कानाचं ऐकणं बहुधा जाईल. "अजून दोन वर्षांनी आला असतात तर मी इतक्या शांतपणे बोलत नसते," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे.

आणि आई? ताईने तेही विचारलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईचं काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

ऑपरेशनला बारा दिवस होते. पहिल्याच सकाळी ताईने स्वतःच्या हाताने यूएसबीची वायर काढली आणि उजेडाची लावली. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांची मूळ तीन प्रकरणं तिने पुन्हा उघडली. त्या निर्मळ शांततेत तिला आपला आवाज आधी ऐकू येत असणार, मग मास्तरांचा. तरी ती बसली. सकाळी नऊ ते दुपारी एक, रोज. डावीकडचं कळेना तेव्हा हेडफोन उलटा करून तेच पुन्हा उजव्या कानाने ऐकायची. दुप्पट वेळ लागायचा. मास्तरांचा 'स' परत आला. साल, सावली, सदाफुली सगळं परत आलं. त्यांचा एक उसासा तिने काढलाच नाही, म्हणाली, असू दे. दहाव्या दिवशी तिन्ही प्रकरणं गेली. ग्रंथालयातून उलट फोन आला, "मास्तर पांघरुणातून बाहेर आले हो."

मग खोली रिकामी झाली. अकरा दिवस. मला कुणी चालू केलं नाही. माझ्यावर धुळीचा थर बसला आणि मनात नको नको ते आलं. ती आलीच नाही तर? आली आणि उरलेला कानही तिला नकोसा झाला तर? सातव्या दिवशी पक्कड आला. एकटाच. त्याने फडक्याने मला पुसलं, खुर्चीत बसला, बंद हेडफोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला. काहीच नसलेलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना, आणि विचारायला मला तोंड नाही. तो गेल्यावरचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

बाराव्या दिवशी ताई आली. डाव्या कानामागे मोठी पट्टी, चालताना हात भिंतीला, कारण तोल जायचा. महिना गेला तेव्हा कुठे ती टेबलापाशी बसली. डावा कान गेला होता, सांगितलं होतं तसा. गंमत अशी, की बाहेरचं सगळं बंद झालं तरी आतला किर्र तिथेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींचा राहतो. पक्कडने कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी एक खूण केली आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून उजवीकडे आणला. ताईने हेडफोन घातला, मास्तरांचं चौथं प्रकरण लावलं आणि थोडा वेळ ऐकलं.

"आहेत मास्तर," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

तर आता मी असा आहे. माझी डावी बाजू दिवसभर कुणासाठीच वाजत नाही. उजव्या बाजूच्या एका बारक्या तारेवर सगळा संसार. तिचा टाका सैल झाला तर काय, हा विचार मला सोडत नाही. पूर्वी मला स्वतःची भीती वाटायची, भंगारात जाण्याची, चटक्याने मरण्याची. आता ती राहिली नाही. आता भीती तिच्या एका कानाची आहे, आणि ही भीती मला जड वाटत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला वायर कोणतीही लावा, तुमच्या सोयीची. पण आयुष्यात एकदा तरी सगळ्यात शांत वायर लावून बसा. आणि ती शांतता सोसवली नाही, तर वायर बदलू नका. कुणाला तरी सांगा. माझं एवढंच मागणं आहे.

आत्ता ती पाठमोरी बसून एका नव्या वाचणारीचं पुस्तक साफ करतेय. खाली पक्कडची गाडी थांबल्याचं मला कळलं. तिला कळलेलं नाही. तो हाक मारत नाही. दोन जिने चढून वर येतो, टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला स्टूल ठेवतो, आणि ती वळून बघेपर्यंत थांबतो. मग दिवसभराचं सगळं सांगायला सुरुवात करतो.